विहीण म्हणून हाक मारतील का?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): लिहिणारी मुलगी सव्वीस वर्षांची आहे, सरकारी रुग्णालयात कायम नोकरीत असलेली स्टाफ नर्स. वडील ती शाळेत असतानाच गेले. आई चार घरी स्वयंपाकाचं काम करते. त्यातलं सगळ्यात जुनं घर गावातल्या नावाजलेल्या हळद व्यापाऱ्यांचं. तिथे आई चौदा वर्षं पोळ्या करते आहे. त्याच घरातल्या धाकट्या मुलाचं आणि हिचं तीन वर्षांपासून प्रेम आहे. मुलाने घरी सांगितलं, दोन महिने अबोला आणि रडारड झाली आणि आता होकार आला आहे. होकाराबरोबर काही अपेक्षाही आल्या. आईने चारही घरचं काम सोडावं. लग्न गावात न करता बाहेर रिसॉर्टवर व्हावं, मुलीकडची दहाच माणसं यावीत. नातेवाइकांना आईचा ‘डब्यांचा व्यवसाय होता’ असं सांगावं. मुलीने नोकरी सोडावी, कारण रात्रपाळी करणारी सून घराला शोभत नाही. आणि लग्नात नाव बदलावं. मुलगा म्हणतो, ‘एकदा लग्न होऊ दे, मग सगळं आपोआप नीट होईल.’ मैत्रिणी म्हणतात, राजकुमार मिळाला, नशीब काढलंस. आई काहीच बोलत नाही. मुलीचा प्रश्न असा: ‘एवढं मोठं घर मला स्वीकारतंय आणि मला रोज रात्री रडू येतंय. ताई, मी कृतघ्न आहे का?’

प्रिय मुली,

नाही, तू कृतघ्न नाहीस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल. रडू कशाचं येतंय ते तुझ्याच पत्रात आहे, फक्त तू त्यावरून भरभर पुढे गेली आहेस.

मध्येच एका ओळीत तू लिहिलंयस, की शाळा सुटल्यावर तू आईला आणायला त्या घरी जायचीस, तेव्हा आईच्या चहाचा कप मोरीजवळच्या फळीवर पालथा घातलेला असायचा. हिरव्या काठाचा, कानाचा टवका उडालेला. तो कप अजून तिथेच आहे, असं लिहून पुढच्या ओळीत तू लग्नाच्या तारखेकडे वळलीस. मी मात्र त्या फळीपाशीच थांबले. आपल्याकडे कितीतरी घरांत असा एक वेगळा कप असतो. घरातली माणसं प्रेमळ असतात, दिवाळीला साडी देतात, आजारपणात उचल देतात, पण कप वेगळा असतो. तू लहानपणापासून तो पाहत आलीस. आता त्याच घराचं माप ओलांडून पुढच्या दाराने आत जायचं आहे आणि तुझी आई त्या वेळी कुठे उभी असेल, हे तुला कुणीच सांगितलेलं नाही. रडू येणार नाही तर काय होईल?

‘त्यांनी मला स्वीकारलं’ हे तुझ्या पत्रात चार वेळा आलंय. ‘मी त्याला पसंत केलं’ हे एकदाही नाही. मागच्या दाराने वाढलेल्या मुलीला आपणही कुणाला पसंत करू शकतो हे सुचायला वेळ लागतो, मला समजतं. पण तीन वर्षांपूर्वी तूही होकार दिला होतास ना? त्याच्यात काहीतरी पाहून दिला असशील. तुझा होकार त्यांच्या होकारापेक्षा हलका का धरायचा?

आणि त्यांनी नक्की कुणाला स्वीकारलंय, तेही बघ. आईचं काम नको, तुझी माणसं नकोत, नोकरी नको, नाव नको. एवढं सगळं काढून ठेवल्यावर मांडवात जी उभी राहील तिला तुझी आई तरी ओळखेल का?

त्यांच्या बाजूनेही थोडं बोलते. ही माणसं दुष्ट आहेत असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. पेठेत तीन पिढ्यांची पेढी, रोजचं चारचौघांत उठणं-बसणं, थोरल्या सुनेचं माहेर तालेवार. त्यांना लोकांच्या तोंडाची भीती वाटते. भीतीपोटी माणसं अटी घालतात. दोन महिन्यांच्या अबोल्यानंतर त्यांनी होकार दिला, हे त्यांच्यासाठी सोपं नसणार. म्हणून त्यांच्या सगळ्या अटी एका फटक्यात झुगारून दे असं मी म्हणणार नाही. एकेक वेगळी काढून बघू. त्यातली एक तर मला मान्यही आहे.

आईने त्या घरचं काम सोडावं, हे बरोबर आहे. सकाळी पोळ्या लाटायच्या आणि संध्याकाळी विहीण म्हणून दिवाणखान्यात बसायचं, हे दोन्ही घरांना जड जाईल. पण ते काम तिने लग्न ठरायच्या आत, ताठ मानेनं सोडावं. चौदा वर्षांचा जो काही हिशोब असेल, राहिलेला पगार असेल, निरोपाचं म्हणून जे द्यायचं असेल, ते तिच्या कष्टाचं म्हणून तिच्या हातात यावं. लग्नातल्या मानपानात ते मिसळू देऊ नकोस. उरलेल्या तीन घरांचं मात्र वेगळं. तो तिचा संसार आहे. ते सोडून ती खाणार काय? ‘आम्ही दर महिन्याला देऊ’ असं ते म्हणाले, हे तू लिहिलंयस. एवढी वर्षं तिने त्या घरातून काम करून पगार घेतला. आता काही न करता पैसे घ्यायचे, तेही लेकीच्या सासरकडून. दर महिन्याला तो लिफाफा घेताना तिची मान वर राहील का, हे तिला विचार. तिचे गुडघे दुखतात आणि तिला थांबायचं असेल, तर तुझ्या पगारातून तू तिला सांभाळ. त्यासाठी तुझी नोकरी टिकायला हवी. म्हणजे या दोन अटी मुळात एकमेकींत अडकलेल्या आहेत: आईची कमाई बंद आणि तुझीही बंद. मग तुम्ही दोघी त्यांच्या हाताकडे बघणार.

म्हणून नोकरीबद्दल मी अगदी स्पष्ट सांगते. राजीनामा देऊ नकोस. सरकारी नोकरीचा राजीनामा एकदा मंजूर झाला की परतीची वाट जवळपास बंद होते. बदलीचा अर्ज करता येतो, लग्नानंतर काही महिने रजा घेता येते, घरात बसून चार वेळा बोलता येतं. रात्रपाळी घराला शोभत नाही म्हणतात. त्यांच्या घरातलं कुणी रात्री दोन वाजता आजारी पडलं तर ते ज्या वॉर्डात जातील तिथे कुणाची तरी सून जागी असते. हे मुलाने त्याच्या आईवडिलांना सांगायला हवं, तू नव्हे. तुला नर्सिंगला घालताना आईने गळ्यातली डोरली मोडली होती, हेही तूच लिहिलंयस.

नावाचं तुला फारसं वाटत नाही, आडनाव बदलायला तू तयार आहेस, असं पत्रावरून दिसतं. तुझी मर्जी. एवढंच माहीत असू दे, की लग्नानंतर पहिलं नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कोणताही कायदा नाही. तबकातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात तो हौसेचा भाग आहे. पण ते नाव ‘आईच्या तोंडचं गावंढळ वाटतं’ म्हणून बदलायचं असेल, तर तांदळात तुझं आहे तेच नाव लिहून घे.

आता ‘डब्यांचा व्यवसाय’. मला सगळ्यात जास्त खटकली ती ही अट, आणि तू तिला ‘छोटीशी गोष्ट’ म्हटलंयस. बाळ, हे एकदा सांगून संपत नाही. बारशाला सांगावं लागेल, मंगळागौरीला सांगावं लागेल, उद्या तुझ्या मुलाने ‘आजी काय करायची?’ विचारलं तर त्यालाही सांगावं लागेल. आणि गाव तेवढंच आहे. तुझी आई ज्या तीन घरी अजून पोळ्या करते, ती माणसं या लग्नाबद्दल बोलणारच. जे सगळ्यांना माहीत आहे ते लपवायची जबाबदारी आयुष्यभर तुझ्या एकटीवर येईल. शिवाय असं सांगायचं म्हणजे आईच्या कामात लाज वाटण्यासारखं काही आहे, हे तू कबूल केल्यासारखं होतं. तुला तसं वाटतं का? मला नाही वाटत. मग तसं सांगूही नकोस. ‘तिची आई स्वयंपाकाची कामं करते’ हे वाक्य त्याच्या नातेवाइकांसमोर पहिल्यांदा तो मुलगा बोलला तर फार बरं होईल. त्याच्या तोंडून आलं की पुढच्या शंभर कुजबुजी तिथेच निम्म्या होतात.

रिसॉर्टच्या लग्नावरून मला श्रावणातली शुक्रवारची कहाणी आठवली. लहानपणी तूही ऐकली असशील. भाऊ श्रीमंत, बहीण गरीब. भावाने गावजेवण घातलं, बहीण मुलांना घेऊन न बोलावता जेवायला गेली, तर तिच्या कपड्यांकडे बघून त्याने तिला पानावरून उठवलं. पुढे तिचे दिवस पालटले, मग त्याच भावाने तिला आग्रहाने बोलावलं. ती दागिने घालून आली, दागिने काढून पाटावर मांडले आणि एकेक घास उचलून एकेका दागिन्यावर ठेवू लागली. जेवण ज्यांना होतं त्यांना मी भरवते आहे, म्हणाली. आपल्या आज्या-पणज्या ही कहाणी दर श्रावणात वाचत आल्या, कारण पानावरून उठवणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. तुझ्याकडची दहाच माणसं, म्हणजे बाकीच्यांना जेवायला बसायच्या आधीच उठवलं. लग्न लहान करायला माझी मुळीच हरकत नाही, उलट मला ते आवडेल. पण मग दोन्हीकडून दहा-दहा. त्यांचे दोनशे आणि तुझे दहा असं नको.

मैत्रिणींच्या राजकुमाराविषयीही सांगते, कारण खऱ्या राजकुमाराशी लग्न केलेल्या एका मुलीची गोष्ट मला माहीत आहे. जपानचे युवराज अकिहितो आणि मिचिको शोदा 1957 साली कारुइझावा नावाच्या थंड हवेच्या ठिकाणी टेनिस खेळताना भेटले. 10 एप्रिल 1959 ला लग्न झालं. राजघराण्याबाहेरची, सरदारघराण्यातलीही नसलेली मुलगी युवराज्ञी झाली, म्हणून सगळा देश वेडा झाला. मिरवणूक पाहायला लोकांनी टीव्ही विकत घेतले. मिचिको काही गरीब नव्हत्या, वडील पिठाच्या मोठ्या कंपनीचे प्रमुख होते. म्हणजे पैसा होता, तरीही राजवाड्याच्या लेखी त्या बाहेरच्याच होत्या. सासरच्या आणि दरबारातल्या माणसांची नाराजी त्यांनी वर्षानुवर्षं सोसली. 1993 साली, लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर, वृत्तपत्रांतून त्यांच्यावर टीका चालू असताना त्या आपल्या वाढदिवसाच्या दिवशी कोसळल्या आणि त्यानंतर काही महिने त्यांची वाचा गेली होती. सम्राज्ञीपद मिळूनही ही वेळ आली.

तरीही तो संसार टिकला, चांगला टिकला. त्यातली एक गोष्ट मला नेहमी आठवते. राजघराण्यात मुलं दुसऱ्यांच्या हाती वाढवायला द्यायची रीत होती. या दोघांनी ती मोडली, तिन्ही मुलं आपल्याजवळ वाढवली, आणि मिचिको राजवाड्यात स्वतःच्या छोट्या स्वयंपाकघरात मुलांसाठी रांधायच्या. युवराज पाठीशी उभे राहिले नसते तर ते होऊ शकलं नसतं. ‘एकदा लग्न होऊ दे, मग आपोआप होईल’ यावर ते विसंबले नाहीत.

आता तुझ्या मुलाकडे येते. त्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. घरी सांगण्याचं धैर्य त्याने दाखवलं आहे, आणि असं तोंड न उघडणारे कितीतरी मुलगे मी पाहिलेत. पण ‘आपोआप’ या शब्दाची मला काळजी वाटते. घरात काहीही आपोआप होत नाही. कुणीतरी बोलतं तेव्हा होतं, आणि लग्नानंतर बोलायची वेळ नव्या सुनेवर येते, जिचं त्या घरात सगळ्यात कमी चालतं.

म्हणून तारीख धरायच्या आधी त्याला घेऊन एक दिवस निवांत बस. भांडायला नव्हे. त्याला विचार, की पेढीतून दर महिन्याला त्याच्या स्वतःच्या खात्यात काय येतं? मोठ्या व्यापारी घरांतल्या मुलांकडे गाडी असते, कार्ड असतं, पण पगार नसतो. लागतील तसे पैसे वडिलांकडून घ्यायचे. राहतं घर, दुकान, गोदाम सगळं वडिलांच्या नावावर. अशा मुलाला उद्या वेगळं मत मांडायचं झालं तर पायाखाली स्वतःची जमीन नसते. तसं असेल तर ते लग्नाला नकाराचं कारण नाही, पण त्याने पगार ठरवून घ्यावा, आणि दोघांनी मिळून स्वतंत्र राहायची वेळ आली तर काय, याचा कागदावर आकडा मांडावा.

आणि त्याला तो कप दाखव. दाखव म्हणजे विचार, की मोरीजवळच्या फळीवर आईचा कप कसा दिसतो, तुला आठवतं का? चौदा वर्षं तो त्याच स्वयंपाकघरात चहा प्यायला आहे. त्याला आठवला, तो क्षणभर गप्प झाला, तर आशा आहे. ‘कुठला कप?’ म्हणाला तरी लगेच निराश होऊ नकोस, न दिसण्याचीच सवय लावलेली असते. पण कळल्यावर पुढच्या आठवड्यात तो काय करतो ते बघ. तुझ्या घरी येऊन, आई कामावरून आल्यावर, तिच्यासमोर बसून चहा पितो का आणि तिला म्हणतो का, की तुमच्या लेकीशी लग्न करायची माझी इच्छा आहे, तुमची परवानगी आहे का? तीन वर्षांत त्याने हे केल्याचं तुझ्या पत्रात कुठेच नाही. त्याच्या घरच्यांचा होकार मिळवायला दोन महिने गेले. तुझ्या आईला कुणी विचारलेलंच नाही.

तो हे करू शकला नाही तर? तर तो वाईट ठरत नाही, पण अजून लग्नाला तयार नाही, असं धर आणि थांब. सहा महिने, वर्ष. सव्वीस हे काही घाई करायचं वय नाही. थांबण्यात प्रेम कमी होत असेल तर ते लग्नानंतरच्या त्या घरात तग धरणार नाहीच. आणि शेवटी मोडायची वेळ आली तरी तुझ्यापाशी नोकरी असेल, नाव असेल, आई असेल. दुखेल खूप, हे मी खोटं सांगणार नाही.

जमलं, तर लग्नाचा एक साधा मार्ग सुचवते. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करा. दोघांपैकी एकजण जिथे निदान तीस दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीस दिवसांनी तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. मानपान, याद्या, कुणी कुणाचे पाय धुवायचे, हे सगळे प्रश्न निघून जातात. नंतर हवं तर दोन्ही घरांनी मिळून एक जेवण. सासरकडून तुला अंगावर दागिने घातले जातील, ते स्त्रीधन आहे, कायद्याने तुझं. त्यांची यादी आणि पावत्या तुझ्यापाशी ठेव.

तू जातीबद्दल काही लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. पण अशीच पत्रं मला मुलग्यांकडूनही येतात: मुलगी बंगल्यातली, आपण चाळीतले, जात वेगळी, आणि तिच्या भावांकडून धमक्या. त्यांच्यासाठी इथेच लिहिते. मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा पुरा असेल तर लग्नाला घरच्यांच्या किंवा समाजाच्या संमतीची कायद्याने गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं आहे. जिवाची भीती असेल तर चर्चा करत बसू नका, 112 वर फोन करा, पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. आंतरजातीय विवाहासाठी पात्र जोडप्यांना राज्य सरकार 50,000 रुपयांचं अर्थसाहाय्य देतं. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करा. रक्कम मोठी नाही, पण भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट निघतं.

पुन्हा तुझ्याकडे येते. आपल्या भाषेत ‘विहीण’ हा शब्द दोन्ही बाजूंना सारखा आहे. सासू आणि सून म्हटलं की वर-खाली आलंच. विहीण मात्र विहिणीला विहीणच म्हणते. मुलीकडच्या विहिणीला लग्नात हात जोडून उभं राहावं लागतं हे मला माहीत आहे, पण शब्दाने तरी दोघींना एका पाटावर बसवलंय. तुझी होणारी सासू तुझ्या आईला आजवर ‘अगं बाई, आज पोळ्या जास्त टाक’ असं म्हणत आली. तिच्या तोंडून ‘या विहीणबाई’ हे शब्द येतील का, आणि आले तर चहा कुठल्या कपातून येईल, हे तुला लग्नाआधी, त्या घराच्या पुढच्या खोलीत बसून कळायला हवं. तशी एक भेट ठरवायला त्या मुलाला सांग. लग्नाची बोलणी म्हणतात ती हीच. त्या दिवशी आईने कामाला जायचं नाही, तुझ्याबरोबर पुढच्या दाराने जायचं.

पण त्याही आधी एक कर. आई काहीच बोलत नाही, असं लिहून तू तो विषय सोडलास. तिचं गप्प बसणं म्हणजे संमती, असं तू धरलंस का? चौदा वर्षं लोकांच्या घरी ती गप्प राहूनच टिकली आहे, ती सवय घरीही येते. उद्या रात्रपाळी नसेल तर कामावरून आल्यावर तिला पाय पसरून बसू दे. तू चहा कर, घरातल्या चांगल्या कपात दे, आणि तिला विचार, ‘आई, तुला त्या घरची विहीण व्हायचंय का?’ ती पटकन म्हणेल, ‘माझं काय, तुझं सुख बघ.’ तिथे उठू नकोस. बसून राहा, ती पुढे बोलेपर्यंत.

ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
ताई